कपाळ, कान आणि कंबर

दुबईत कुणी नवीन भेटलं आणि मी स्पीच थेरपिस्ट आहे असं सांगितलं, की समोरचा माणूस एकदम जपून बोलायला लागतो. त्याचे 'न' आणि 'ण' मी मनातल्या मनात तपासतेय अशी त्याची समजूत होते. बायका विचारतात, "म्हणजे इंग्लिश अ‍ॅक्सेंट वगैरे शिकवता का?" एका गृहस्थांनी मुलाच्या लग्नात करायच्या भाषणाच्या तयारीसाठी माझी वेळ मागितली होती. मी नाही म्हटलं. पुढे त्या लग्नाला गेले, भाषण ऐकलं, आणि वेळ द्यायला हवी होती असं वाटून गेलं.

खरं काम दोन तऱ्हांचं. निम्मं लहान मुलांचं. "चार वर्षांचा झाला, बोलतच नाही," म्हणून एक जोडपं मुलाला घेऊन आलं. आईनं माझ्यासमोर लाडानं विचारलं, "बाळा, पाणी हवं?" टेबलाखालून उत्तर आलं, "आय ऑलरेडी ड्रँक." मुलगा उत्तम बोलत होता, मराठीत बोलत नव्हता एवढंच. त्याला उपचार नकोत आणि घरी मराठीत बोलणारं कुणीतरी हवंय, हे सांगितल्यावर आई-वडील एकमेकांकडे बघत राहिले, कारण ते दोघंही त्याच्याशी इंग्रजीतच बोलत होते.

उरलेलं निम्मं काम पक्षाघात झालेल्यांचं. मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला की उजवा हात-पाय लुळा पडतो आणि पुष्कळदा भाषाही जाते. भाषा गेली म्हणजे अक्कल गेली असं नाही, हे नातेवाइकांना पटवण्यात माझी बरीचशी नोकरी खर्ची पडली. माणसाला चहा हवा असतो, चहा म्हणजे काय ते ठाऊक असतं, पण तो शब्द हाती लागत नाही. पिशवीत किल्ली आहे हे माहीत असावं आणि दारात उभं राहून ती सापडू नये, तसं. मग तो 'खुर्ची' म्हणतो, स्वतःवरच चिडतो, आणि घरचे म्हणतात, बाबांचं डोकं फिरलं.

गंमत अशी की नेमके ठेवणीतले शब्द जातात आणि तोंडात बसलेले राहतात. शिवी, देवाचं नाव, एखादं गाणं. जन्मभर मुलांवर संस्कार केलेले एक निवृत्त मुख्याध्यापक दुबईच्या करामा भागात मुलाकडे राहायला आले होते. झटक्यानंतर त्यांच्या तोंडी एकच शब्द उरला, 'च्यायला'. नातवाचं कौतुक त्यातच आणि देवाला नमस्कारही त्यातच. पाहुणे आले की सूनबाई टीव्हीचा आवाज वाढवायच्या. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात गॅरेज असलेल्या रत्नागिरीकडच्या एका हाजीसाहेबांपाशी 'खलास' एवढंच शिल्लक होतं. त्यांच्या बीबी मला शांतपणे समजावून सांगायच्या, "मॅडम, आता बोल्ले ना, तो चायचा खलास. सकाळी बोल्ले तो पोरावर राग आला त्याचा." मी महिनोन्‌महिने जे चार्ट भरून शोधत होते, ते त्या भाजी निवडता निवडता सांगायच्या.

इथल्या कामात आणखी एक अडचण. पेशंट जगभरचे. मल्याळम, अरबी, तागालोग, पश्तो; मला येतात मराठी, हिंदी, इंग्रजी आणि कामापुरतं अरबी. बाकीच्या भाषांत मी नातेवाइकांच्या तोंडून बोलते. अशा सगळ्या पेशंटांमध्ये जो माणूस मला अजून कोड्यात टाकतो, त्याच्याबद्दल आज लिहायचंय.

दुबईच्याच अल मनखूल भागातल्या एका जुन्या इमारतीत मला घरी बोलावलं होतं. पेशंट नव्वदीच्या आसपासचे, उंच, काळेभोर, हाडापेरानं मजबूत. नाव डॉन एलादियो. 'डॉन' म्हणजे आपल्याकडचं 'राव'. हिंदी सिनेमांमुळे आपल्याला भलतंच काही वाटतं. कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावरच्या डोमिनिकन रिपब्लिक या देशाचे. बायको वारल्यावर मुलीनं त्यांना दुबईत आणलं आणि वर्षाच्या आत झटका आला. मुलगी मारिसोल, पन्नाशीची, एका मोठ्या हॉटेलात केक-पेस्ट्रीच्या विभागाची प्रमुख. हाताखाली सगळे भारतीय आणि नेपाळी कुक, त्यामुळे तिच्या इंग्रजीत 'जल्दी', 'अरे यार' आणि 'खलास' सर्रास. दिवसभर वडिलांजवळ असायची दापोलीकडची जुलेखा. ती त्यांना चाचा म्हणायची, आणि एकमेकांचा एक शब्दही कळत नसताना दोघांचं उत्तम जमलं होतं.

हॉस्पिटलच्या फायलीत व्यवसायासमोर लिहिलं होतं, 'रिटायर्ड मॅनेजर'. दुबईत दर दुसरा माणूस मॅनेजर असतो. ऑफिस मॅनेजर, सेल्स मॅनेजर, काहीच नसलं तर जनरल मॅनेजर. मी शहाणपणानं माणसाच्या आयुष्यातले शब्द निवडले: टेबल, फाइल, टेलिफोन, स्टेपलर. रंगीत चित्रं काढून नेली. डॉन एलादियो त्या चित्रांकडे बघायचे आणि मग माझ्याकडे बघायचे. कीव आल्यासारखे बघायचे. काही आठवडे मी हे मनापासून केलं. शेवटी मारिसोल एक दिवस लवकर घरी आली आणि दारातच थांबून बघत राहिली.

"नीलिमा, व्हाय ऑल धिस ऑफिस?" ती म्हणाली. "माझ्या वडिलांनी टेबल फक्त जेवायला वापरलं."

"फाइलमध्ये मॅनेजर लिहिलंय."

"यार, बेसबॉल मॅनेजर!"

मी चित्रं गोळा करून पिशवीत घातली. जुलेखा तोंडाला ओढणी लावून हसत होती. त्या दिवशी उपचार बाजूला राहिले आणि मारिसोलनं कॉफी करून मला वडिलांचं आयुष्य ऐकवलं. ते समोरच बसले होते, मधूनमधून ती स्पॅनिशमध्येही सांगत होती म्हणून त्यांना सगळं कळत होतं, आणि काही चुकलं की ते डाव्या हातानं खुर्ची ठोकायचे.

त्यांचा जन्म साखर कारखान्याच्या वस्तीतला, वडील ऊसतोडणीवर. आमच्याकडे साखर कारखान्यातून आमदार निघतात, त्यांच्याकडे बेसबॉलपटू निघतात. कारखान्याचा संघ असायचा आणि चांगला खेळणाऱ्याला ऊस तोडावा लागत नसे, एवढं कारण जीव तोडून खेळायला पुरेसं होतं. मोज्यात चिंध्या कोंबून शिवलेला चेंडू, हातमोज्याच्या जागी घडी घातलेलं गोणपाट. त्या बेटावरून अमेरिकेत खेळायला गेलेल्या पहिल्या काही पोरांपैकी ते एक. तिथे छोट्या गावांचे संघ, दिवस-दिवस बसचा प्रवास. वाटेत संघ जेवायला उतरला की हे काळे म्हणून बसमध्येच बसून राहायचे, कुणीतरी कागदात गुंडाळून काहीतरी आणून द्यायचं. इंग्रजीचा गंध नव्हता. काय हवं ते हातवारे करून सांगायचं, आणि येईल ते खायचं. म्हणजे भाषेवाचून दिवस काढण्याची त्यांची ही पहिली खेप नव्हती. हे ऐकल्यावर मी त्यांच्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागले.

मोठ्या लीगच्या, म्हणजे तिथल्या सगळ्यांत वरच्या स्पर्धेच्या, दारापर्यंत पोचले आणि गुडघा गेला. परत आले ते तरुण वयातच मॅनेजर झाले. आपल्या क्रिकेटमधला मॅनेजर तिकिटं आणि हॉटेल बघतो. बेसबॉलमधला मॅनेजर म्हणजे प्रशिक्षक, कप्तान आणि सासू, तिन्ही एकातच. हिवाळ्यात स्वतःच्या बेटावर, बाकीचं वर्ष व्हेनेझुएला, मेक्सिको, जिथे संघ मिळेल तिथे.

"आणि घरी?" मी विचारलं.

"घरी रेडिओ होता," मारिसोल म्हणाली. "मॅच लागली की आई आम्हाला हाका मारायची, बसा, तुमचे बाबा आले. आणि रेडिओवर मॅनेजरचं नाव संघ हरला की मगच घेतात. आमच्याकडे बाबा हरले की दिसायचे." ती हसली, पण वडिलांकडे न बघता. तिच्या लग्नाला ते बसमधून उतरून संघाच्या टोपीसकट आले आणि केक कापायच्या आत परत गेले. "नंतर मी केक करायलाच शिकले. बोलायचं काही नाही."

त्यावर डॉन एलादियोंनी खुर्ची ठोकली नाही.

ऑफिस गेलं, चेंडू आणि हातमोजा आला. एखाद-दुसरा शब्द अर्धवट उमटायला लागला. पण एरवी त्यांच्यापाशी एकच धड शब्द होता, 'नो', आणि तो ते होकारालाही वापरायचे. मान होकाराची आणि तोंडात 'नो'. अशा माणसाला "हे हवं का?" असं विचारून काही उपयोग नसतो, उत्तर मिळतं, पण त्यावर विसंबता येत नाही.

त्यांच्या हाताची हालचाल पहिल्यांदा हेरली जुलेखानं. डावा हात नाकाला लावायचे, मग कानाची पाळी धरायचे, पुन्हा कान, मग कपाळाला हात, मग हात कमरेला. हे दिवसातून कितीदा तरी.

"मॅडम, चाचा बगा," जुलेखा म्हणाली. "कान धरतायत, कपालाला हात लावतायत. माफी मांगतायत कुनाची तरी. नसीब फुटला बोलतायत."

मलाही अगदी तसंच दिसत होतं. कपाळाला हात म्हणजे काय आणि कान धरणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. राहिला कमरेचा हात. तो बाथरूमचा, असं जुलेखाचं ठाम मत. ती दरवेळी त्यांना उठवून बाथरूममध्ये न्यायची, ते तिथे उभे राहायचे आणि हताशपणे परत यायचे. युरिन टेस्टसुद्धा झाली, ती नॉर्मल आली.

मी हे मारिसोलला अजून सांगितलेलं नव्हतं. तिनं स्वतःच पाहिलं. संध्याकाळी कामावरून आली, वडिलांसमोर बसली आणि त्यांनी कान धरला.  "माझे कुक असं करतात," ती म्हणाली. "क्रीम फाटलं, केक जळला, की कान धरून उभे राहतात. सॉरी मॅडम. मला आता ते शब्दांपेक्षा जास्त कळतं." मग तिनं वडिलांचा हात हातात घेतला आणि आवाज न करता रडली. मी आणि जुलेखा स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिलो. जुलेखाचेही डोळे भरले होते. मला मनापासून आनंद झाला होता, हे लपवत नाही. आमच्या कामात असे क्षण फार येत नाहीत.

पुढच्या आठवड्यात मारिसोलनं सांगितलं की ती राजीनामा देतेय. वडिलांना घरी नेणार, बेटावर, कारखान्याच्या वस्तीत.

"त्यांनी माफी मागितली," ती म्हणाली. "आयुष्यात कधी मागितली नव्हती. माणूस असं कधी करतो? त्यांना तिथे जाऊन डोळे मिटायचेत. आता मी नाही कसं म्हणू?"

आम्ही आखातातली माणसं. कुणी म्हातारं अस्वस्थ झालं की त्याला गावी जायचंय, यात आम्हाला शंकाच येत नाही. जुलेखानंही मान डोलावली. पण या निर्णयाची किंमत मला दिसत होती. नोकरी गेली की व्हिसा जातो, आणि या वयात पुन्हा तसं पद कोण देणार? बावीस-तेवीसच्या वयात ती इथे भांडी घासायला लागली होती, तिथून इथवर आलेली. शिवाय त्या वस्तीपासून धड हॉस्पिटल दूर, आणि एवढ्या लांबच्या प्रवासाला डॉक्टर नाखूश. ती ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती. नोटिशीचे दिवस सुरू झाले. बॅगा बाहेर आल्या.

आणि डॉन एलादियोंच्या हाताची गती वाढली. बॅग दिसली की नाक, कान, कान, कपाळ, कंबर. मारिसोल फोनवर प्रवासाचं बोलत असली की पुन्हा तेच. डॉक्टरांनी शांत राहण्याची गोळी सुचवली. गोळी दिली की ते दिवसभर झोपणार आणि माझं काम संपणार, हे मला कळत होतं, म्हणून मी थोडे दिवस मागून घेतले.

मला खटकत होतं ते निराळंच. त्यांची खुर्ची खिडकीशी असायची. खाली सिग्नल, तिथे रस्ता ओलांडायला थांबलेली माणसं. एका दुपारी मी गुपचूप मागे उभी राहून पाहिलं, तर ते त्या माणसांकडे बघून हात फिरवत होते. नाक, छाती, कान, कपाळ, छाती. त्याच सुमारास सिग्नल हिरवा झाला आणि माणसं चालायला लागली. म्हातारेबुवा समाधानानं मागे टेकले. सिग्नल पुन्हा लाल झाला, आणि हात कपाळावरून कमरेशी येऊन थांबला. मुलीची माफी मागणं समजू शकतं. सिग्नलवरच्या अनोळखी माणसांची माफी कोण मागेल?

घरी जाऊन मी मोबाइलवर बेसबॉलच्या जुन्या मॅच शोधून बघायला बसले. नवरा शेजारी येऊन बसला. त्याचं सगळं आयुष्य क्रिकेटमध्ये गेलेलं. "हे काय, मारल्यावर बॅट टाकून पळतात?" म्हणत त्यानं नाक मुरडलं, पण उठला नाही. मैदान चौकोनी. चेंडू मारायचा आणि एका कोपऱ्यावरून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या, असं थांबत थांबत निघालो तिथे परत पोचायचं, की एक धाव. त्या शेवटच्या जागेला ते 'होम' म्हणतात, चक्क घर. आपण पोचायच्या आत चेंडू तिथे पोचला, तर बाद.

"हा बाजूचा बाबा काय करतोय?" नवऱ्यानं विचारलं. "डास चावतायत का त्याला?"

मैदानाच्या कडेला एक पोटसुटा माणूस उभा होता. तो नाक चोळत होता, कान ओढत होता, टोपीला हात लावत होता, छाती पुसत होता, पट्ट्याला हात लावत होता. मी व्हिडिओ थांबवला. पुन्हा पाहिला. 

दुसऱ्या दिवशी मारिसोलला विचारलं, वडिलांच्या संघातलं कुणी हयात आहे का? तिला खुणांबद्दल काही ठाऊक नव्हतं. मुलींना मैदानावर नेण्याची पद्धत नव्हती, आणि रेडिओवर खुणा दिसत नाहीत. पण रामोन नावाचे एक जुने खेळाडू होते, आता पंचाहत्तरीचे, दर नाताळला फोन करणारे. तिथली सकाळ म्हणजे इथली संध्याकाळ. मारिसोल कामावरून आल्यावर आम्ही व्हिडिओ कॉल लावला. मारिसोल स्पॅनिशमधलं मला इंग्रजीत सांगत होती.

पडद्यावर एक टकलू म्हातारा, हातात कॉफी, मागे कोंबडा आरवतोय. डॉन एलादियोंना पाहून त्याचा चेहरा आधी उजळला आणि मग लुळा हात बघून पडला. तो काहीबाही बोलत राहिला, आपण आजारी माणसाशी बोलतो तसं, मोठ्यानं आणि उगाचच. डॉन एलादियो ऐकत होते. मग त्यांचा डावा हात उठला. नाक, कान, कान, कपाळ, कंबर.

रामोन खुर्चीतून ताडकन उठला. कॉफी सांडली. दोन्ही पाय रोवून, गुडघे किंचित वाकवून तो तसाच उभा राहिला, आणि मग आपण काय केलं हे लक्षात येऊन स्वतःच हसायला लागला.

"मला थांबायला सांगतोय," तो म्हणाला. "थांबलो, बाबा, थांबलो."

त्यानं उलगडून सांगितलं. मॅनेजर दहा ठिकाणी हात लावतो, त्यातल्या बहुतेक खुणा समोरच्या संघाला चकवण्यासाठी. खरी एकच. ती ओळखायची कशी? तिच्याआधी एक किल्ली असते. डॉन एलादियोंची किल्ली टोपी. आता टोपी नाही, म्हणून कपाळ. कपाळाला हात लागला, की त्यानंतर येईल ती खूण खरी. छाती म्हणजे पळ. कंबर, म्हणजे पट्टा, असेल तर जागचा हलू नकोस.

मी आणि जुलेखानं एकमेकींकडे पाहिलं. इतके दिवस आम्ही त्या माणसाचं कपाळ आणि कान वाचत होतो, आणि खरं बोलणं होतं कमरेला. त्याला आम्ही बाथरूममध्ये नेत होतो.

"पण थांब कोणाला?" मारिसोलनं विचारलं. "त्यांना इथे राहायचंय?"

रामोन मान हलवत राहिला. "मॅनेजर स्वतःसाठी खूण देत नाही, पोरी. तो मैदानाबाहेर असतो. खूण पळणाऱ्याला असते." मग त्यानं विचारलं, "तू कुठे निघाली आहेस का?"

मारिसोलनं मागे पडलेल्या बॅगांकडे पाहिलं. "घरी," ती म्हणाली.

"मग झालं. तुला तिसऱ्या कोपऱ्यावर थांबवतोय. आता पळालीस तर घरी पोचायच्या आत बाद होशील, असं त्याला दिसतंय. त्याला आधीपासून दिसायचं ते. आमची भांडणं व्हायची, पण तोच बरोबर निघायचा."

 मग मारिसोलनं हलक्या आवाजात विचारलं, "आणि कान?"

"कान?" रामोन हसला. "कान म्हणजे काहीच नाही. कान समोरच्या मूर्खांसाठी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या माफीची ती लहानपणापासून वाट बघत होती, जी तिला मिळाली म्हणून ती रडली होती आणि मी मनातून आनंदले होते, ती त्यांनी मागितलेलीच नव्हती. आम्ही ती भारतीय डोळ्यांनी पाहिली, आणि तिनंही, तिच्या कुकांकडून शिकलेल्या. फोन बंद झाल्यावर मी काहीतरी बोलायचं म्हणून तोंड उघडलं. तिनं हातानंच मला थांबवलं.

पुढचं आधी सांगून टाकते. तिनं राजीनामा मागे घेतला. हॉटेलवाल्यांनी कुरकुर केली, पण तिच्याइतकं काम करणारं दुसरं कुणी त्यांना मिळत नव्हतं. डॉन एलादियो त्यानंतर काही वर्षं मनखूलमध्येच जगले, खिडकीत बसून सिग्नलवरच्या अख्ख्या दुबईला खेळवत. त्यांचे शब्द फारसे परत आले नाहीत, ते श्रेय मला घेता येत नाही. पण रामोननं शिकवलेल्या खुणा आम्ही वाढवत नेल्या, आणि पाणी, औषध, टीव्ही बंद कर, एवढं सगळं ते कपाळानंतर सांगायला लागले. गोळीची गरज पडली नाही. मला त्यांना पुष्कळ विचारायचं राहून गेलं: त्या बसमध्ये बसून काय विचार करायचे, मोठ्या लीगचं दार समोर आल्यावर काय वाटलं. त्यासाठी लागणाऱ्या खुणा आमच्यापाशी नव्हत्या. त्याची रुखरुख आहे.

पण ती संध्याकाळ तिथेच संपली नाही. मारिसोल आत गेली, तोंड धुऊन आली आणि वडिलांसमोर जमिनीवर बसली. त्यांच्याशी ती स्पॅनिशमध्ये बोलायला लागली. मला शब्द कळत नव्हते, पण बोलणं कळत होतं. तिनं आमच्याकडे बोट दाखवलं, 'इंडिया' म्हणाली, स्वतःच्या कानाची पाळी धरली. तिच्या किचनमधल्या पोरांबद्दल सांगत असावी. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून काहीतरी म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला. इथे कान धरणं म्हणजे काय, आणि तिला काय वाटलं होतं, ते ती त्यांना सांगत होती. कुणी न सांगता जुलेखानं दोन्ही कान धरून, मान वाकवून दाखवलं, म्हाताऱ्याला नीट समजावं म्हणून.

डॉन एलादियोंनी जुलेखाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मुलीकडे पाहिलं. ते हसतील की रागावतील, मला काही अंदाज येईना. त्यांचा डावा हात मांडीवर होता, तो त्यांनी उचलला, आणि सवयीनं नाकाकडे जाईल असं मला वाटलं. तो नाकाकडे गेला नाही.

त्यांनी सावकाश कपाळाला हात लावला. मग कानाची पाळी धरली, आणि सोडली नाही.